खजिना आणि खाट

ज्येष्ठ सरत आलेला असतो, पंचगंगेचे गढूळ पाणी राजाराम बंधाऱ्यावर चढू लागलेले असते, भुदरगड-शाहूवाडीच्या खाचरांतून रोपलावणीची लगबग सुरू झालेली असते आणि अशा भिजल्या, भरल्या दिवसांत २६ जून उजाडतो. कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात १८७४ साली याच तारखेला जन्मलेल्या राजाला, राजर्षी शाहू महाराजांना, वंदन करण्यासाठी आपण कोल्हापूरकर दसरा चौकात जमतो. शाळांची पोरे पावसाची तमा न बाळगता येतात, हलगी घुमते, पुतळ्याला हार चढतात, व्याख्याने झडतात. राज्य शासन हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते. आपल्याला मात्र त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची गरज कधीच नव्हती; हा दिवस आपल्या घरातला आहे. घरातल्या थोरल्या माणसाच्या वाढदिवशी जसे आपण सुखदुःखाचे चार शब्द बोलतो, काय राहिले आणि काय साधले याची उजळणी करतो, तसेच या दिवशी करावे असे मनापासून वाटते. म्हणून या वर्षी राजर्षींच्या आरक्षणाबद्दल, वसतिगृहांबद्दल, कुस्तीच्या खासबागेबद्दल आपण जे दरवर्षी बोलतो ते थोडे बाजूला ठेवून, दसरा चौकातून चार पावले चालत सीपीआर रुग्णालयाच्या दारापर्यंत जाऊ.

अंतर फारसे नाही. जयंती नाला ओलांडला की काळ्या दगडाची ती जुनी इमारत दिसू लागते. आज तिचे नाव छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय. आपल्या आज्या-पणज्या तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणत. एकोणिसाव्या शतकात करवीर संस्थानाच्या पैशातून उभे राहिलेले हे दवाखान्याचे घर आज राजर्षींच्याच नावाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. सकाळी आठच्या सुमारास त्याच्या आवारात उभे राहिले, तर सगळा जिल्हा एका नजरेत दिसतो. चंदगड-आजऱ्याहून पहिल्या एसटीने निघालेले म्हातारे जोडपे, गगनबावड्याच्या वाडीतून आलेली अवघडलेली सून आणि तिची सासू, घाट चढून आलेले सिंधुदुर्गचे पेशंट, सीमेपलीकडच्या निपाणीकडचे कुणीतरी. हातात पिशवी, पिशवीत जुने कागद, डबा, पाण्याची बाटली. केसपेपरच्या रांगेत पाटील असतो आणि त्याच्या शेतावर राबणारा गडीही असतो. जिल्ह्यातली इतकी सरमिसळ आपल्याला एरवी फक्त अंबाबाईच्या दर्शनबारीतच दिसते.

या इमारतीच्या इतिहासात एक पान असे आहे, की जे कोल्हापूरने अभिमानाने वाचावे आणि हळहळतही वाचावे. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, तेव्हा त्यांना नोकरी देऊ करणारे राज्य कोणते होते? करवीर संस्थान. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीकक्षाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायचे ठरले होते. शाहू महाराज तेव्हा वयात आले नव्हते, कारभार इतरांच्या हाती होता. तरी या संस्थानाच्या खजिन्यातून एका स्त्री-डॉक्टरचा पगार निघावा एवढी जाण त्या कारभारात होती. आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या देहाने, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्यांनी डोळे मिटले. कोल्हापूरच्या त्या कक्षात त्या कधी रुजू झाल्याच नाहीत. पण विचार करावा असा मुद्दा निराळाच आहे. राज्याने जागा निर्माण केली, पगार ठरवला, कक्ष राखून ठेवला. आजारी बाईला बाईच्याच हातून उपचार मिळावेत ही गरज कुण्या दानशूराच्या मर्जीवर न सोडता राज्याने ती आपल्या खर्चाच्या वहीत लिहिली. सार्वजनिक आरोग्याची सुरुवात अशाच एखाद्या ओळीपासून होते. भाषणाचा आणि कोनशिलेचा मान तिच्यानंतरचा.

पुढे २ एप्रिल १८९४ला शाहू महाराजांच्या हाती राज्याची सूत्रे आली आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळ व प्लेग ही जुळी संकटे दारात उभी राहिली. वाल्देमार हाफकीन यांनी जानेवारी १८९७मध्ये मुंबईत प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, त्या काळची ही गोष्ट. लसीविषयी लोकांच्या मनात भय होते, गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला जायचे तर जीव तुटत होता. अशा वेळी राजाने काय करायचे असते, याचा धडा त्या वर्षांत करवीरने पाहिला: धान्याची दुकाने, कामे, छावण्या, टोचणी, आणि या सगळ्यासाठी खजिन्याचे उघडलेले दार. तिजोरी रिकामी होते म्हणून माणसे मरू द्यायची नसतात, कारण माणसे उरली तरच तिजोरी पुन्हा भरते, हे व्यवहारज्ञानही त्यात होते. आणि व्यवहाराच्या पलीकडची माया तर होतीच.

पण शाहूंचे खरे थोरपण पैसा सोडण्यापाशी संपत नाही. १९१९ साली त्यांनी जे हुकूम काढले, त्यांत संस्थानच्या दवाखान्यांना उद्देशून एक हुकूम आहे. अस्पृश्य मानलेल्या रुग्णांना सरकारी दवाखान्यात इतरांच्या बरोबरीने वागवले पाहिजे, असे त्यात बजावले आहे आणि उदाहरण म्हणून बोट दाखवले आहे ते शेजारच्या मिरजेकडे, तिथल्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्याकडे. सातासमुद्रापलीकडून आलेले डॉक्टर विल्यम वानलेस आणि त्यांचे सहकारी ज्या रुग्णाची नाडी हातात धरतात, त्याला आपल्या मातीतला डॉक्टर शिवत नाही, ही गोष्ट राजाला सलली. परक्यांचा चांगुलपणा त्याने मोकळ्या मनाने मानला आणि त्याच दमात आपल्या पगारी नोकरांना सांगितले, की हे तुम्हालाही करावे लागेल. राजाच्या खजिन्यातून पगार घेणाऱ्याने राजाच्या कुठल्याही प्रजाजनाला दारात ताटकळत ठेवायचे नाही. सरकारी पैशाच्या दवाखान्याची याहून स्वच्छ व्याख्या आपल्याला आजवर कुणी दिलेली नाही. तिथे येणारा माणूस उपकार मागायला येत नाही. घरच्या माणसाने घरात यावे तसा तो येतो.

हा विचार घेऊन आपण स्वतंत्र भारताकडे वळलो, तर आरंभ फार उमेदीचा दिसतो. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६मध्ये अहवाल दिला आणि पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे सूत्र देशापुढे ठेवले. प्राथमिक आरोग्य केंद्र हा आज आपल्या बोलण्यातला साधा शब्द त्याच अहवालाची देणगी आहे. सपाटीवर तीस हजार आणि डोंगरी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र, त्याखाली उपकेंद्रे, वर ग्रामीण रुग्णालय, त्यावर जिल्ह्याचे मोठे रुग्णालय, अशी ही उतरंड कागदावर देखणी आहे. आणि ती केवळ कागदावरच राहिली असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. देवी गेली, पोलिओ गेला, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव आशा उभी केली. आणि गावातल्याच बाईला शिकवून तिच्या हाती गावाचे आरोग्य सोपवण्याची ही कल्पना आपल्याच महाराष्ट्रात, जामखेडच्या माळरानावर, डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७०पासून रुजवून दाखवली होती. जगभरच्या देशांनी १९७८ साली आल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या आधीच जामखेडचे काम जगाच्या नजरेत भरले होते. आपल्याकडे कल्पनांची उणीव कधी नव्हती.

उणीव राहिली ती सातत्याने पैसा घालण्याची. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले, की २०२५पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर जावा आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचे आठ टक्के आरोग्याला द्यावेत. केंद्राने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे हा सरकारी वाटा २०१३-१४मध्ये १.१५ टक्के होता आणि २०२१-२२मध्ये, म्हणजे कोविडच्या ऐन धामधुमीत, तो १.८४ टक्के झाला. लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा त्याच काळात ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर उतरला. ही वाट योग्य दिशेची आहे आणि तिचे श्रेय ज्याचे त्याला द्यायला हवे. तरीही शंभर रुपयांतले जवळजवळ चाळीस रुपये रुग्णानेच मोजावेत, ही स्थिती समाधानाची नाही. उद्योगात, करवसुलीत, साखरेत आणि दुधात देशात पुढे असणाऱ्या आपल्या महाराष्ट्राचा आरोग्यखर्च त्या आठ टक्क्यांच्या बराच खाली रेंगाळतो, ही गोष्ट तर राजर्षींच्या नावाने उठता-बसता शपथ घेणाऱ्या आपल्यासारख्यांना टोचायला हवी.

आकडे डोळ्यांसमोरून सरकतात, पण घरात काय घडते ते विसरता येत नाही. आजार घरात शिरला की आधी म्हैस जाते, मग बायकोच्या गळ्यातले जाते, मग सोसायटीचे कर्ज, मग शेवटी जमिनीचा तुकडा. करवीर तालुक्यापासून शिरोळपर्यंत असे एकही गाव नसेल, की जिथे दवाखान्यापायी जमीन विकलेले घर दाखवता येणार नाही. आणि ही विक्री नेहमी मोठ्या शस्त्रक्रियेपायीच होते असेही नाही. रक्तदाबाच्या, साखरेच्या, दम्याच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च वर्षानुवर्षे झिरपत राहतो आणि घर आतून पोकळ करतो.

राज्याने यावर विम्याचा मार्ग काढला. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे राज्यभर विस्तारली, नंतर महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू लागली, आणि २०२३मध्ये पिवळ्या-केशरी-पांढऱ्या शिधापत्रिकेचा भेद मिटवून पाच लाखांपर्यंतचे संरक्षण सर्वांना देण्याचे ठरले. सीमाभागातल्या ८६५ गावांतील मराठी माणसांनाही या योजनेत सामावून घेण्याचा निर्णय झाला. कर्नाटकाने त्यावर हरकत घेतली, पण बेळगाव-निपाणीच्या माणसाला आपले म्हणताना त्याच्या दुखण्यालाही आपले म्हणावे, हा त्यामागचा भाव आपल्याला मोलाचा वाटतो. या योजनांनी हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांना हात दिला. मात्र कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे. कार्ड चालते ते मोठ्या आजारात, ठरलेल्या उपचारांना, योजनेत असलेल्या रुग्णालयात. तापाने फणफणलेल्या पोराला रात्री दहाला कोण पाहणार, सापाने डसलेल्याला गगनबावड्यात लस मिळणार का, मधुमेहाची गोळी पुढल्या महिन्यात खिडकीवर असणार का, या प्रश्नांना कार्ड उत्तर देत नाही. त्याला माणसे लागतात: पगार वेळेवर मिळणारी, पुरेशी, कायमची माणसे. विम्याचा हप्ता भरला म्हणून उपकेंद्रातल्या नर्सताईची रिकामी जागा भरत नाही.

१५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, तेव्हा आपल्याला आनंद झाला होता. केसपेपरचे ते दहा-वीस रुपये तिजोरीच्या दृष्टीने काहीच नसतात, पण मोलमजुरी करणाऱ्या बाईला दारात थबकायला तेवढे पुरतात. वैद्यकीय शिक्षण विभागाकडची रुग्णालये मात्र या आदेशाबाहेर राहिली. रुग्णाला विभाग कळत नाही. त्याला एकच सरकार ठाऊक असते, आणि ते बरोबरच आहे.

त्यानंतर दीडच महिन्यात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस जीव गेले. त्यांत बारा नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, औषधखरेदीचा प्रश्न राज्यभर गाजला, वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी कायद्याने निर्माण केलेले नवे प्राधिकरण कामाला लावण्याची निकड सर्वांना पटली. तामिळनाडूने असे महामंडळ १९९४ सालीच उभे केले आणि चांगले चालवले, हे इथे नोंदवणे भाग आहे. दवाखान्याचा खर्च हा नंदादीपासारखा असतो. तेल रोज घालावे लागते, आणि एक दिवस चुकला तर कालच्या तेलाचा उपयोग नसतो. आपल्या कारभाराला इमारतीचा खर्च कळतो, यंत्राचा कळतो. त्या यंत्रावर बसणाऱ्या तंत्रज्ञाचा, त्याच्या दुरुस्तीचा, सुईचा, सलाईनचा, चादरी धुण्याचा खर्च कळेपर्यंत मार्चअखेर येते.

सागरापलीकडे आता थोडे पाहू. आजपासून नवव्या दिवशी, ५ जुलैला, ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचा वाढदिवस असतो. १९४८ साली ती सुरू झाली तेव्हा तो देश महायुद्धाने पिचला होता, कर्जाने वाकला होता, साखरसुद्धा रेशनवर मिळत होती. ‘आधी श्रीमंत होऊ, मग आरोग्याचे पाहू’ असे म्हणायला त्याला सगळी निमित्ते होती. पण मंत्री होते अन्यूरिन बेव्हन, वेल्समधल्या ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचे पोर, वयाच्या तेराव्या वर्षी स्वतः खाणीत उतरलेले. ट्रेडेगरच्या कामगारांनी आपल्या मजुरीतून आठवड्याला काही पेनी कापून देऊन गावचा दवाखाना चालवला होता, आणि बेव्हन यांच्या डोळ्यांसमोर तेच उदाहरण होते: एका गावाने केले ते सगळ्या देशाने करायचे. हे ऐकताना आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. टनामागे काही रुपये बिलातून कापून घेऊन आपल्याकडे शाळा, कॉलेजे, वसतिगृहे उभी राहिलेली आहेत. सर्वांनी थोडे द्यायचे आणि ज्याला गरज पडेल त्याने घ्यायचे, ही रीत आपल्या अंगवळणी आहे. कर म्हणजे तरी याहून वेगळे काय? आणि बेव्हन यांचा आग्रह किती कडवा होता पाहा: कवळी आणि चष्म्याला शुल्क लावायचे ठरले, तेव्हा १९५१मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. आज ब्रिटन आपल्या उत्पन्नाच्या सुमारे नऊ टक्के सरकारी पैसा आरोग्यावर घालतो. तिथल्या शस्त्रक्रियांच्या लांबलचक याद्या आणि थकलेले कर्मचारी यांची तक्रार तिथले लोकही करतात. तरी बिलाच्या भीतीने कुणी दवाखान्याची पायरी चढायचे टाळत नाही, आणि ही निर्भयता त्या समाजाने पाऊणशे वर्षे जपली आहे. त्या सेवेत आपल्याही घरची माणसे आहेत. आपल्या सरकारी महाविद्यालयांतून शिकलेली कितीतरी मराठी मुले-मुली तिथल्या कक्षांतून रात्रपाळी करतात. त्यांच्या कर्तृत्वाचा आनंदच आहे. पण त्यांना जी व्यवस्था तिथे काम करावेसे वाटायला लावते, तशी इथे का उभी राहू नये, हे आपण कधीतरी त्यांनाच विचारायला हवे.

ब्रिटन दूरचा वाटत असेल तर थायलंड घ्या. १९८०च्या दशकात त्या देशाने काही वर्षे शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवरचा नवा खर्च रोखून धरला आणि तो पैसा तालुक्याच्या रुग्णालयांकडे वळवला. किती कठीण निर्णय! शहर बोलके असते, वर्तमानपत्रे शहरात निघतात, मंत्री शहरात राहतात. तरी तो झाला. खेड्यांतून खाटा, डॉक्टर, नर्स आल्या. १९९७च्या आर्थिक संकटात थायलंडचे चलन कोसळले होते, त्याची जखम भरलेली नसतानाच २००२ साली तिथे सर्वांसाठी आरोग्यसुरक्षेचा कायदा झाला. एका भेटीला तीस बाथ, मग काहीही उपचार लागोत. तिथे आज लोकांच्या खिशातून जाणारा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. आधी गावात दवाखाना आणि मग हक्काचे कार्ड, हा क्रम त्यांनी सांभाळला. आपण बऱ्याचदा तो उलटा लावतो.

परदेशातून दुसऱ्यांच्या औदार्याने येणारा पैसा ही आणखी एक बाजू, आणि ती आपल्या सांगली-मिरज-कोल्हापूरला जवळून ठाऊक आहे. मिरजेचे मिशन हॉस्पिटल अमेरिकेतल्या भाविकांच्या देणग्यांवर वाढले आणि पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण महाराष्ट्राचा आधार झाले. ते ऋण न फिटणारे आहे. पण दूरच्या देणगीदारांचे मन बदलले, काळ बदलला, की असा आधार पातळ होत जातो. एचआयव्हीच्या काळरात्री सांगलीत वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर उभ्या राहिलेल्या संग्राम या संस्थेने २००५मध्ये अमेरिकन सरकारचा निधी नाकारला, कारण त्या निधीसोबत त्या स्त्रियांच्या जगण्याचा धिक्कार करणारी शपथ घ्यावी लागत होती. पैशाला अट होती, आणि अट माणसांच्या विरुद्ध होती. पुढे २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका सहीनिशी गोठवली आणि जुलैत ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच बंद केली, तेव्हा आफ्रिकेतल्या कित्येक दवाखान्यांत एचआयव्हीच्या गोळ्यांची वाट पाहणारी माणसे दारातून परत गेली.

त्याच दिवसांत सीपीआरमधल्या एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारकेंद्राच्या, खिडकीवर गोळ्यांचे वाटप चालूच राहिले. १ एप्रिल २००४पासून आपल्या देशात ही औषधे सरकार विनामूल्य देते, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा त्या वेळचा टप्पा पूर्णपणे केंद्राच्या स्वतःच्या पैशावर चालत होता. एकेकाळी या रोगाने आपल्या भागात घरेच्या घरे बसवली होती. त्या घरांतली जी पोरे आज कामाला जातात, लग्ने करतात, निरोगी बाळांना जन्म देतात, त्यांचे आयुष्य वॉशिंग्टनमधल्या कुणाच्या मर्जीवर टांगलेले राहिले नाही, ते या एका निर्णयामुळे. आपल्या खजिन्याचा पैसा आपल्या माणसासाठी, अटीशिवाय आणि खंडाशिवाय खर्च झाला की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच शहरात आहे आणि आपण त्याविषयी फार कमी बोलतो. जे एका रोगाबाबत जमले ते रक्तदाबाबाबत, बाळंतपणाबाबत, सर्पदंशाबाबत का जमू नये?

पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न लगेच येतो. तो शाहूंच्याही पुढे होता. १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करताना त्यांनी त्यासाठी स्वतंत्र कर बसवण्याचे धैर्य दाखवले आणि ज्यांची ऐपत अधिक त्यांच्यावर भार अधिक टाकला. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे काम पैशाअभावी अर्ध्यावर थांबले. महाराज ६ मे १९२२ रोजी गेले तेव्हा ते अपुरेच होते आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर कुठे पुरे झाले. आपल्या हयातीत ज्याचे पाणी दिसणार नाही, अशा कामावर खर्च करण्याची छाती त्या राजाला होती. आज त्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत यांच्याही हाती आरोग्याचा पैसा आला. कोल्हापूर महापालिकेची सावित्रीबाई फुले रुग्णालयासारखी स्वतःची रुग्णालये आहेत. शेंडा पार्कात नव्या भव्य रुग्णालयाची तयारी चालली आहे, आणि ते व्हावेच. मात्र त्याच्या उद्घाटनाच्या दिवशीच त्यात किती नर्स कायम नेमणार, औषधांसाठी दरसाल किती तरतूद करणार, हे सभेत सांगितले गेले तर त्या समारंभाला राजर्षींचे नाव अधिक शोभेल. आरोग्य अभियानात वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या माणसांनी आणि मानधनासाठी मोर्चे काढणाऱ्या आशाताईंनी हा प्रश्न आपल्यापुढे कितीतरी वेळा ठेवला आहे. कोविडमध्ये त्यांच्यासाठी आपण थाळ्या वाजवल्या. त्यांच्या पगाराचा विषय आला की आपण गप्प होतो, हे बरे नाही.

आता पावसाळी अधिवेशनाचे दिवस आहेत. पुरवणी मागण्या मांडल्या जातील, कोट्यवधींचे आकडे वाचले जातील, आणि त्यांत आरोग्याच्या रकान्यात काय येते हे आपल्या आमदारांना विचारणे हा आपला अधिकार आहे. साथीचे दिवसही हेच: डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो, आणि नदी फुगली की छातीत धडधड. गावपातळीवर तर आणखी जवळची साधने आहेत. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते, त्यांच्या खात्यावर दरवर्षी निधी येतो. महाराष्ट्रात २००७पासून लोकाधारित देखरेखीच्या कामात गावकऱ्यांनी जनसुनवाया घेऊन आरोग्य केंद्रांचा जाब विचारला, आणि अनेक ठिकाणी बंद पडलेली दारे त्याने उघडली. ही वाट आपल्या जिल्ह्यातल्या हरएक गावाला मोकळी आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला अजून सात आठवडे आहेत. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर उपकेंद्राचा विषय घ्यायला लावण्यासाठी ग्रामसेवकाकडे आताच अर्ज द्यावा लागेल: समितीच्या खात्यावर किती रक्कम जमा झाली, किती खर्च झाली, नर्सताईची जागा कधीपासून रिकामी आहे, सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते.